शालनताईंनी सांगितलं नाही

शालनताई जाऊन सतरा दिवस झाले होते आणि या सतरा दिवसांत मेघाली एका जागी दहा मिनिटंसुद्धा बसली नव्हती. तेराव्याला ती तीनदा उठून बाहेर गेली. घरात भांडी घासून झाली की पुन्हा तीच घासायला घ्यायची. नवरा प्रीतम म्हणाला, "अगं, चार दिवस क्लास बंद ठेव ना." तर त्याच्यावरच खेकसली.

वर्तकनगरात शालनताईंचा ड्रायव्हिंग क्लास होता. अकरा वर्षांपूर्वी मेघाली तिथे शिकायला आली तेव्हा टेस्टमध्ये दोनदा नापास झालेली, हॉर्न ऐकला तरी गाडी बंद पाडायची. ताईंनी तिला गाडी शिकवली, मग गाडी शिकवायला शिकवलं, आणि मग कधीतरी त्या दोघी मैत्रिणी झाल्या. ताई तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या. पण भांडण बरोबरीचं.

आणि एवढी मैत्रीण असून मेघालीला आजार कळला तो हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात. दीड वर्ष चालला होता तो.

त्या सकाळी कोलशेत रोडवर मनुबाईचा धडा होता. मनुबाई कोळीवाड्यातली, मासळी विकणारी. मुलाने घेतलेला टेम्पो आपणच चालवायचा म्हणून पन्नाशीत शिकायला आलेली. दर वळणावर मेघाली आपल्या बाजूचा ब्रेक दाबत होती.

"मॅडम, गाडी तर तूच चालवतेस गो," मनुबाई म्हणाली. "मी निस्ती चाक धरून बसलेय. शालनताय असं नाय करायची. उलटी व्हायची तिला, तरी गप बसून ऱ्हायची, मना चालवू द्यायची."

"उलटी? कधी?"

"दिवाळीच्या आधी. याच रस्त्यावर. मी पाणी दिलं. तेव्हाच सांगितलान तिनं, असा असा आजार हाय म्हणून." मनुबाईने तिच्याकडे पाहिलं. "तुला ठावं नव्हतं?"

मेघालीने गाडी कडेला घ्यायला सांगितली. तेव्हा जेमतेम चार धडे झालेल्या बाईला माहीत होतं!

दिवाळीच्या आधी. तेच दिवस. ताई क्लासला रोज उशिरा यायच्या, शिकणारे ताटकळायचे, आणि एक दिवस मेघाली सगळ्यांसमोर म्हणाली होती, "जमत नसेल तर बंद करा ना क्लास, लोकांना कशाला रखडवता?" ताई किल्ली उचलून गाडीकडे गेल्या होत्या. सतरा दिवस तेच वाक्य तिच्या मागे लागलं होतं, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ती नौपाड्यात ताईंच्या घरी गेली. ताईंचे यजमान महेंद्रकाका एकटेच होते. चहा ठेवायला उठले, तर तिने त्यांना उभ्या उभ्याच विचारलं.

"काका, मला का नाही सांगितलं? मनुबाईला सांगितलं, मला नाही!"

"मी म्हटलं होतं तिला," काका म्हणाले. "दोनदा म्हटलं. नको म्हणाली. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत, म्हणाली. मेघालीला कळलं तर तीसुद्धा तसंच बोलेल."

"मी काय बोलले ते ठाऊक आहे का तुम्हाला? क्लास बंद करा म्हणाले मी. चारचौघांत."

"ठाऊक आहे की. घरी येऊन सांगितलं ना तिने. हसत होती. मेघालीने आज मला झाडलं, म्हणाली. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी दोन पोळ्या खाल्ल्या."

मेघाली खिडकीपाशी गेली, परत आली. हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"त्यांचं बरं झालं," ती म्हणाली. "आणि माझं? मी बसले असते त्यांच्याजवळ. शिव्याच घातल्या असत्या, हळू नसते बोलले. एकदा विचारून तर बघायचं!"

काकांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. "चुकलंच तिचं," ते म्हणाले. "मलाही राग येतो गं. पण कुणापाशी बोलणार?"

मग ती बसली. दोघं मिळून तासभर ताईंच्या चुका काढत राहिले: हट्टी होती, गोळ्या लपवायची, डॉक्टरांना शिकवायची. मध्येच काकांना हसू फुटलं, आणि त्या हसण्यानेच मेघालीला पहिल्यांदा रडू आलं.

निघाली तेव्हा रिक्षा केली नाही. चालतच सुटली. नितीन कंपनीच्या नाक्यापर्यंत ती मनातल्या मनात भांडत होती, पुढे मोठ्याने.

"सांगायला हवं होतं, ताई. मी होते ना!"

एक रिक्षा हळू झाली. "वर्तकनगर, मॅडम?"

तिने मानेनेच नको म्हटलं आणि तशीच पुढे चालत राहिली. बोलायचं अजून बरंच उरलं होतं.