पुढची ओळ कोणाला येते

खुशालराव अकोल्याच्या कॉलेजात उभी हयात ग्रीकांचा इतिहास शिकवत आले. लग्न असो, मयत असो, वल्ही मारणं असो की द्राक्षं तुडवणं, ग्रीकांचं गाण्यावाचून पान हलत नसे, हे ते वर्गात असं रंगवून सांगत की पोरांना वाटे, सर तिथूनच आलेत. घरात मात्र रेडिओ लागला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

लीलाबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. स्वयंपाकघरात त्या एक गाणं गुणगुणायच्या आणि खुशालराव दारात आले की थांबायच्या. त्यामुळे नवऱ्याच्या वाट्याला एकच ओळ आली, 'पऱ्हाटीच्या बोंडामंदी चांद लपला बाई.' रिकाम्या घरात तेवढीच ओळ दिवसभर डोक्यात फिरे आणि जीव नकोसा होई. त्यांना पुढची ओळ हवी होती.

सरळ विचारायची लाज वाटली, म्हणून त्यांनी ग्रीकांना मधे घातलं. शेजारच्या नत्थुजींना आणि जाईबाईंना संध्याकाळी जेवायला बोलावलं. जाईबाई म्हणजे लीलाबाईंची जिवाभावाची मैत्रीण. रोज दुपारी दोघी मिळून वाती वळायच्या. जेवणं आटोपल्यावर खुशालरावांनी कुंपणाच्या मेंदीची एक फांदी तोडून आणली. ग्रीक लोक मेजवानीत अशीच फांदी फिरवत. एकाने गाणं सोडलं की फांदी ज्याच्या हाती येई त्याने ते पुढे न्यायचं, असं त्यांनी समजावलं.

"म्हंजे अंताक्षरीच झाली नं, सर," नत्थुजी म्हणाले.

खुशालरावांनी घसा खाकरला, फाटक्या आवाजात ती ओळ म्हटली आणि फांदी जाईबाईंपुढे धरली.

जाईबाईंनी फांदी घेतली, पण गायल्या नाहीत.

"हे तं लीलाचं गानं. मी आली का थे चूप होये, भाऊजी. मले वाटे, तुमच्यासाठीच ठेवलं असन."

"आणि मला वाटायचं, तुमच्यासाठी," खुशालराव म्हणाले.

माणसांत राहूनही लीला एकटीच गात होती, हे त्यांना आज कळलं. आपण वर्षभर जे भोगतोय, ते ती याच घरात जन्मभर भोगून गेली.