ठिपका माझाच असू दे

मित्रांनो, मी कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स आहे आणि स्वभावानं भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं. अरे बाबांनो, काचेचा जीव आहे माझा. पडायची भीती, ओरखड्याची भीती, पोरांच्या चिकट बोटांची भीती. पण या सगळ्या किरकोळ. खरी भीती बुरशीची. पावसाळ्यात ओल लागली की आमच्या आतल्या काचांवर पांढुरकी बुरशी धरते. मग दुकानदार आमच्या पोटात टॉर्च मारून बघतो, तोंड वाकडं करतो आणि आम्हाला बाजूला सारतो. ते वाकडं तोंड आपल्या वाट्याला येऊ नये, एवढंच मी जन्मभर मागत आले.

माझा जन्म लांबच्या कुठल्या तरी कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला दिव्यासमोर धरून बराच वेळ निरखलं आणि मग पेटीत घातलं, एवढं तेवढं लक्षात आहे. पास झाले एकदाची.

माझा पहिला मालक फर्दापूरचा कारभारी. अजिंठ्याच्या लेण्यांना आलेल्या लोकांचे फोटो काढून देणं हा त्याचा धंदा. माझ्या अंगाभोवतीची कडी फिरवली की लांबचं जवळ येतं आणि उलटी फिरवली की अख्खी सहल एका फोटोत मावते, म्हणून तो मला लई जपायचा. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषायच्या पुड्या येतात ना, त्या मागून आणून तो माझ्या डब्यात ठेवायचा. पण पुढं ज्याच्या त्याच्या हातात फोन आला. लोक स्वतःचे फोटो स्वतःच काढायला लागले आणि कारभारी नुसता उन्हात उभा राहायला लागला. शेवटी त्यानं मला शहरात आणलं आणि पैठण गेटजवळच्या मुजीबभाईच्या दुकानात विकलं. निघताना त्यानं मागं वळून बघितलं नाही. मला रडू आलं असतं, पण आमच्यात ओल चालत नाही.

दुकानाच्या कपाटात मी बरेच महिने होते. येणारा प्रत्येक जण मला उचलायचा, टॉर्च मारायचा, आणि माझा जीव टांगणीला लागायचा. एक दिवस विश्वजीत आणि मोनाली आले. विश्वजीत वाळूजच्या एका कंपनीत कामाला. मोनाली बालवाडीत शिकवते. सोबत त्यांची मुलगी संस्कृती, नुकतीच पावलं टाकायला लागलेली. कॅमेरा त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून जुनाच घेतला होता, त्याला लेन्स हवी होती. मोनालीनं सुरुवातीलाच सांगितलं, की घेणार एकच, पण ती घरातही चालली पाहिजे आणि गावाकडं, कन्नडच्या शेतातही.

मुजीबभाईनं आम्हा तिघी लेन्सांना काउंटरवर मांडलं. पहिली पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरवाली. कमी उजेडात तिचा हात धरणारं कोणी नाही, पण तिला लांब-जवळ करता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांना एका फोटोत घ्यायचं तर विश्वजीतला भिंत फोडून मागं जावं लागलं असतं. दुसरी ती छोटी, नव्या कॅमेऱ्यासोबत मिळते ती. घरात बरी, पण पोरगी उद्या शाळेच्या स्टेजवर नाचायला लागली की मुंगीएवढी दिसणार. तिसरी मी. ना फार महाग, ना फार जड, आणि थोडं थोडं सगळंच जमणारी. मोनालीनं फोनचा टॉर्च लावून माझ्या आत बघितलं. आत काय आहे, असं तिनं विचारलं. मुजीबभाई म्हणाला, "धूळ है थोडी, ताई. बुरशी नै. फोटोत येत नाही." खोट निघाली तर बदलून देईन, असंही तो बोलला. त्या शब्दानं मी घाबरले ते आजतागायत. विकत घेतलेली वस्तू परत जाऊ शकते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांचं घर मुकुंदवाडीत. पहिले काही महिने सुखाचे गेले. संस्कृती धावत सुटायची आणि मी तिला पकडायचे. विश्वजीतची आई, गोजरबाई, नातीला सांभाळायला कन्नडहून येऊन राहिल्या होत्या. कॅमेरा दिसला की त्या पदर सारखा करून ताठ बसायच्या आणि फोटो काढून झाला तरी तशाच बसून राहायच्या. येईल त्याला विश्वजीत माझं कौतुक ऐकवायचा, सौदा कसा जमला ते सांगायचा. मला बरं वाटायचं. धाकधूक होतीच, पण बरं वाटायचं.

मग संस्कृतीचा दुसरा वाढदिवस आला. केक संध्याकाळी कापला, उजेड कमी होता म्हणून विश्वजीतनं फ्लॅश लावला. फ्लॅशनं माणसांचे डोळे फोटोत लाल येतात, तुम्ही पाहिलं असेल. सगळ्यांचे तसे आलेही. फक्त संस्कृतीचा उजवा डोळा लाल आणि डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका. दुधाचा थेंब पडावा तसा.

विश्वजीतचा धाकटा भाऊ प्रणय शेजारीच बसला होता. तो म्हणाला, जुना माल म्हटल्यावर आत बुरशी असणारच, दादाला फसवलं. ज्याला मी जन्मभर घाबरले ते झालं. विश्वजीतचं तोंड वाकडं झालं.

पण त्यानं मला परत नेलं नाही. त्यानं काय केलं, तर फोनमध्ये फोटो घेतला, बोटानं मोठा केला आणि त्या ठिपक्यावर काळा रंग भरला. सगळ्यांचे लाल डोळेही काळे केले. फोटो छान दिसायला लागला. घरच्या ग्रुपवर गेला, मावश्या-आत्यांनी बदाम पाठवले.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. उन्हातल्या फोटोत काही नसायचं. फ्लॅश लागला आणि पोरगी जरा बाजूला बघत असली, की तो ठिपका यायचा. विश्वजीत तो पुसायचा. त्याचा हात असा बसला, की चहा पिता पिता तो पुसून मोकळा व्हायचा.

मित्रांनो, इथून पुढं माझी भीती बदलली. बुरशी माझ्यात असती तर ठिपका केकवर आला असता, भिंतीवर आला असता, गोजरबाईंच्या कपाळावर आला असता. तो पोरगी जाईल तिथं जात होता. मी कडी फिरवून तिला जवळ आणलं की तोही मोठा व्हायचा. एवढी अक्कल मला होती, पण तोंड नव्हतं. माझ्यासमोर जे येतं ते मी दाखवते, त्यापलीकडं माझ्या हातात काय आहे?

आणि मी बघत होते. चेंडू डावीकडं घरंगळला की संस्कृती तो उजवीकडं शोधायची. दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा सारखा आपटायचा. घरातले तिला लाडानं वेंधळी म्हणायचे. एकदा दिवेलागणीला ती आजीच्या मांडीवर होती, आणि गोजरबाई कौतुकानं म्हणाल्या, "मांजरावाणी चमकतोय बघा डोळा माझ्या बाईचा." सगळे हसले. त्या दिवसापासून तिचं नाव मनी पडलं. दृष्ट लागू नये म्हणून आजी तिच्या गालाला काजळाचं बोट लावायला लागल्या. त्यांची माया मला कळत होती. पण मनी म्हणून कोणी हाक मारली, की माझ्या काचा गार पडायच्या.

रोज डब्यात बंद झाले की मी एकच मागायचे. ठिपका माझाच असू दे. माझ्यात बुरशी असू दे, चीर असू दे, मला परत करा, फेकून द्या, पण खोट माझी निघू दे.

पुढं प्रणयचं लग्न ठरलं. लग्नाचे फोटो खराब झालेले चालणार नाहीत, म्हणून विश्वजीतनं ठरवलं, लेन्स बदलून आणायची. तो, मोनाली आणि संस्कृती मला घेऊन मुजीबभाईच्या दुकानात आले. एरवी माझी गाळण उडाली असती. त्या दिवशी मात्र मी मनात म्हणत होते, नीट बघ मुजीबभाई, काहीतरी सापडू दे.

त्यानं टॉर्च मारला. पुढून बघितलं, मागून बघितलं. मग मला काउंटरवर ठेवून म्हणाला, की हिच्यात काहीच नाही, नेली तेव्हापेक्षाही स्वच्छ ठेवलीय तुम्ही. विश्वजीतचा आवाज चढला. मुजीबभाईलाही राग आला. तुमच्यासमोरच बघू, म्हणत त्यानं दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला मोनालीला स्टुलावर बसवलं, पोरगी तिच्या मांडीवर, आणि फ्लॅश लावून माझ्यातून फोटो काढला. ठिपका आला. मग त्यानं खोक्यातली कोरी करकरीत लेन्स काढली, माझ्याहून कितीतरी महाग. ठिपका आला. मग पन्नासची. ठिपका आलाच.

विश्वजीत म्हणाला, म्हणजे कॅमेराच बिघडलाय. मोनालीनं मुजीबभाईच्या हातातून कॅमेरा घेतला आणि तिन्ही फोटो पुन्हा पुन्हा मागंपुढं करून बघितले. तिचा स्वतःचा चेहराही त्यात होता, दोन्ही डोळे लाल.

"तीन लेन्सा झाल्या, अहो," ती म्हणाली. "पोरगी तीच हाय."

मग तिनं एक गोष्ट केली. संस्कृती माझं झाकण घेऊन खेळत होती. मोनालीनं तिच्या डाव्या डोळ्यावर तळहात धरला. पोरगी खेळत राहिली. मोनालीनं हात काढून उजव्या डोळ्यावर धरला. झाकण पोरीच्या हातातून पडलं. ते समोरच पडलं होतं, पण ती स्टूल चाचपायला लागली, मग आईचा हात ओढायला लागली, आणि मग घाबरून रडायला लागली.

मी निर्दोष ठरले होते. जन्मभर ज्याची वाट बघितली ते झालं होतं, आणि मला ते नको होतं.

त्याच दिवशी ते डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, तिथून मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. पोरीच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ होती. कॅन्सरची. ती पांढरी असते, म्हणून उजेड पडला की चमकते. डॉक्टरांनी विचारलं, हे पांढरं कधीपासून दिसतंय, जुने फोटो आहेत का. विश्वजीतनं फोन काढला. वर्षभराचे फोटो त्यात होते आणि एकूण एक फोटोत पोरीचे दोन्ही डोळे काळेभोर होते. तो स्क्रीन सरकवत राहिला आणि मग त्याला पुढं सरकवताच येईना. मोनालीनं कॅमेऱ्याचं कार्ड काढून दिलं. त्यात सगळं जसंच्या तसं होतं. विश्वजीतनं विचारलं, आधी आलो असतो तर डोळा वाचला असता का. डॉक्टर म्हणाले, "आता आलात ना. जीव वाचवू."

डोळा काढावा लागला. गाठ आणखी आत शिरली असती तर तिनं पोरगीच नेली असती. आता डाव्या जागी बनवलेला डोळा आहे, इतका हुबेहूब की अनोळखी माणसाला कळत नाही. संस्कृती आईच्या बालवाडीत जाते, मान जरा डावीकडं वळवून चालते, आणि आजीला मनी म्हणू देत नाही. गोजरबाईही आता तसं म्हणत नाहीत.

पण भीती गेलेली नाही, मित्रांनो. असली गाठ कधी कधी दुसऱ्या डोळ्यातही निघते. म्हणून दवाखान्यात ठरलेल्या तारखांना तपासणी असते. शिवाय मधल्या काळात मोनालीचा जीव राहत नाही. मग ती आतल्या खोलीची खिडकी लावून घेते, मला कॅमेऱ्यावर चढवते आणि फ्लॅश उघडते. दवाखान्याचं काम माझ्यानं होणार नाही, हे तिलाही माहीत आहे. तरी ती बघते.

आम्हाला कोरडं ठेवा, मऊ फडक्यानं पुसा, हे मी तुम्हाला सांगणारच होते, आणि ते कराच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. फोटोत काही नको ते दिसलं, तर ते पुसायच्या आधी त्या माणसाकडं एकदा वळून बघा. आम्ही लेन्सा जुन्या असू, धुळकट असू, स्वस्तातल्या असू. आमच्यावर संशय जरूर घ्या, टॉर्च मारा, परत करा. फक्त तेवढ्यावर थांबू नका.

परवाही मोनालीनं फोटो काढला. संस्कृती भिंतीला टेकून उभी होती, गोजरबाई गवार निवडता निवडता थांबल्या होत्या, विश्वजीत दाराशी उभा होता. तो आता फोटोंना हात लावत नाही. फ्लॅश पडला आणि माझ्या आतून तो उजेड परत आला. मी एवढी घाबरले होते, की काय आलं ते माझं मलाच बघवेना. मोनालीनं स्क्रीन जवळ धरला, मोठा केला.

विश्वजीतनं विचारलं, "काय आलं?"

"लाल," ती म्हणाली. "लाल हाय."

गोजरबाईंनी पुन्हा गवार निवडायला घेतली.