नको म्हटल्यानंतर

पिनेचं टोक पदराच्या काठात अडकलं होतं, पुढे जाईना की मागे येईना, आणि बिल्ल्यावरची अक्षरं — प्रेमलता काळमेघ, नागपूर — मान खाली घालून पाहणाऱ्या तिला उलटी दिसत होती. उलटी असली तरी आपलीच. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं हरखावं!... पण हरखलं तर हरखलं. मद्रास, पाटणा, अहमदाबाद, कलकत्ता — इतके दिवस जे नुसते पाकिटांवरचे शिक्के होते, ती माणसं आता सदर भागातल्या या शाळेच्या सभागृहात बशीत ओतून चहा पीत होती, हातात हात घेऊन एकमेकांना तिची ओळख करून देत होती. या बाईंनीच आपल्याला बोलावलं, म्हणत होती.

दोन वर्षं ती भेटेल त्याला हेच सांगत आली होती — मोठ्या माणसांचे लिहिण्यावाचण्याचे वर्ग निघतात, बंद पडतात, कुणाला पत्ताही लागत नाही. अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं आणि सरकारनं प्रौढ शिक्षणाचा मोठा कार्यक्रम काढला खरा, पण सरकारचं काय, आज आहे, उद्या नाही. पाटण्याचा वर्ग मोडला तर मद्रासनं ओरडायला हवं, दिल्लीत जाऊन जाब विचारायला हवा, त्यासाठी सगळ्या देशाची मिळून एक संघटना हवी, आणि चारी दिशांच्या गाड्या जिथे एकमेकींना भेटतात त्या नागपुरात माणसांनीही भेटायला काय हरकत आहे? तिच्या नवऱ्याला, महादेवरावांना, हे सगळं तोंडपाठ झालं होतं. "मला काय सांगतेस, दिल्लीला सांग," असं म्हणून ते पेपर उघडत. आणि आज दिल्ली ऐकायला आली होती. खरंच आली होती.

अध्यक्षस्थानी मद्रासचे शेषाद्री होते, पांढरंशुभ्र धोतर, मोजून मापून बोललेलं हिंदी. संघटना स्थापन झाल्याचा ठराव त्यांनी वाचला आणि टाळ्या अशा कडाडल्या की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग कार्यवाह कोण? म्हणजे सगळा गाडा ओढणार कोण? "प्रेमलताजी!" पाटण्याकडच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि तिच्या छातीत आनंदाची अशी उसळी आली की ती घाबरली. देशभर हिंडायचं, कुठे कुठे वर्ग चालतात ते डोळ्यांनी पाहायचं, मंत्र्यासमोर बसून हिशेब मागायचा... ती उठली, हात जोडले आणि म्हणाली, "नहीं नहीं, मैं तो छोटी कार्यकर्ता हूँ. किसी बड़े आदमी को लीजिए."

आणि बसली. आता दोघंतिघं म्हणणार, असं कसं, तुम्हीच हव्यात. ती पुन्हा नको म्हणणार. मग जरा वरच्या पट्टीत आग्रह होणार, आणि मग मान खाली घालून — सगळ्यांची इच्छाच असेल तर... धंतोलीच्या महिला मंडळात असंच झालं होतं. शिक्षिकांच्या सभेतही असंच. ती तयारीत बसली होती, चेहऱ्यावर संकोच आधीच आणून.

शेषाद्रींनी मान लववली. "हमें प्रेमलताजी की इच्छा का आदर करना चाहिए."

दिल्लीच्या ताराचंदांचं नाव सुचवलं गेलं. "जी, मैं तैयार हूँ," ते म्हणाले. बस, एवढंच! जेवणानंतर मंजुरी असं ठरलं, आणि लोक हात धुवायला उठले. ती हसत होती. ताराचंद भला माणूस, कामाचा माणूस, आपण कुठे पदासाठी करतो हे सगळं, काम झाल्याशी मतलब... असं ती स्वतःला भराभर सांगत होती आणि त्यातलं एक अक्षरही तिला खरं वाटत नव्हतं.

व्हरांड्यात पत्रावळी मांडल्या जात होत्या. गोपिकानं तिला खांबाआड गाठलं. गोपिका लकडगंजातल्या लाकडाच्या वखारीत कामाला होती. तिथल्या दुपारच्या वर्गात ती प्रेमलताबाईंकडेच शिकली होती आणि आज वर्गाच्या वतीनं आली होती.

"काहून जी बाई, तुमनं नाही काहून म्हटलं?"

"अगं, म्हणावं लागतं तसं."

"मले मालूम हाये. पन त्यायले कोन सांगन?"

"कळेल त्यांना."

"कवा? थो दिल्लीवाला खुर्चीत बसल्यावर?"

तिनं जिलबीची परात उचलली. वाढणं बरं, वाढताना कुणाशी बोलावं लागत नाही. ओळ संपता संपता शेषाद्री आले. त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला. "बस." "एक तो लीजिए!" ती हसून म्हणाली आणि नागपुरातली कुठलीही बाई करील तेच तिनं केलं — बोटांच्या फटीतून दोन जिलब्या सोडल्याच. शेषाद्रींनी जिलब्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मैंने ना कहा था," ते म्हणाले. राग नव्हता त्यात, नुसतं नवल होतं. जिलब्या कडेला सारून ते भात कालवू लागले.

ती परात घेऊन तशीच उभी राहिली. या माणसाचं नको म्हणजे नकोच... आणि सकाळी त्यानं माझंही तसंच धरलं. अपमान नाही केला, डावललं नाही — माझा शब्द उचलला आणि जसाच्या तसा खरा मानला! असं कुणी केलं होतं का आजवर? दाखवायला नेलं तेव्हा महादेवरावांनी विचारलं होतं, पुढे शिकायचंय का? तुम्ही म्हणाल तसं, ती म्हणाली होती. आणि ते म्हणाले म्हणून शिकली, मुख्याध्यापिका झाली, तीही लोक म्हणाले म्हणून. मिळालं सगळं, पण मागून घेतलेलं असं काहीच नव्हतं. आणि हे मला हवंय. सेवा म्हणून नाही, कुणाच्या इच्छेखातर नाही... मला हवंय, अगदी हावरटासारखं हवंय. मनात तेवढं म्हटलं आणि तिचे कान तापले. आता लाज वाटेल म्हणून तिनं वाट पाहिली, पण लाज काही आली नाही.

घंटा झाली. सगळे आपापल्या जागी बसले. "ताराचंदजी के नाम पर किसी को कुछ कहना है?" शेषाद्रींनी विचारलं, आणि ती उभी राहिली. सभागृहातल्या माना वळल्या. सकाळी नाही आणि दुपारी हो, लोक हसतील, ताराचंद दुखावतील, मतं पडतील आणि कदाचित ती हरेल, सगळ्या देशादेखत हरेल. हे सगळं तिला स्वच्छ दिसत होतं आणि तरी ती खाली बसत नव्हती. 'मुझे चाहिए' हे शब्द तिनं आजवर फक्त भाजीबाजारात उच्चारले होते. आता ते इथे म्हणायचे होते, मोठ्यानं, आणि तिला भयंकर आनंद होत होता.