पन्सितचा दंड

"वर घे! दलिसाय, पॉवर दे, वर घे!" धावपट्टीच्या कडेला उभी राहून एर्लिंदा वॉकीटॉकीत ओरडत होती, पण एकटीने विमान उतरवणारी ती पोरगी ऐकेल तर ना! छोटं विमान आपटून उसळलं, पुन्हा आपटलं, आणखी उंच उसळलं. अशा वेळी उतरायचा नाद सोडून सरळ वर निघून जायचं, हे एर्लिंदाने तिला घोकून घोकून शिकवलं होतं. दलिसायने उलट नाक खाली दाबलं. पुढचं चाक मोडलं, पंखा डांबरात घुसला आणि विमान नारळींच्या दिशेने फरफटत गेलं.

जीव वाचला. खांद्याचं हाड मोडलं आणि ओठ फाटला.

"माझं ऐकू आलं नाही का गं?" दवाखान्यात एर्लिंदाने विचारलं.

"आलं, मॅम."

"मग?"

टाके घातलेल्या ओठांतून दलिसाय पुटपुटली, "परत पन्सित आणायला लागलं असतं. गेल्या वेळी सगळ्यांनी ताटल्या बडवल्या होत्या."

एर्लिंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही सगळी करामत कॅप्टन आल्कारासची. शाळा त्याची, हँगर त्याचं. कुणी उतरता उतरता वर गेलं, की हा चमच्याने ताटली वाजवत दारात उभा. "आली, भित्री आली! आजचं पन्सित हिच्याकडून!" की लागले सगळे बडवायला. पन्सित म्हणजे आयुष्य वाढावं म्हणून वाढदिवसाला न तोडता खायच्या लांबलचक शेवया, आणि इथे जीव सांभाळणाऱ्यालाच त्यांचा दंड! हे थांबवा म्हणून तिने कितीदा त्याच्याशी वाद घातला होता. "मस्करी आहे गं, पोरं टणक होतात," म्हणून तो उडवून लावायचा.

दुसऱ्या दिवशी चौकशीला सरकारी साहेब यायचे होते. कॅप्टनने तिला बाजूला घेतलं.

"पोरगी घाबरली, एवढंच सांग. तिला काढून टाकू, विषय संपला."

"आणि मग तिला दुसरी कुठली शाळा घेईल, कॅप?"

"ते तिचं नशीब. तुला तुझी नोकरी नकोय का?"

नोकरी हवीच होती. तिच्या हाताखालची पोरं मोठमोठी विमानं उडवायला गेली, ती मात्र इथेच केस पिकवत राहिली. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

साहेब आले. एर्लिंदाने हँगरच्या भिंतीवर टांगलेली कॅप्टनची ताटली काढली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"पोरगी घाबरली नव्हती, सर. घाबरली असती तर वर गेली असती. तिला लाज वाटली. आणि ती लाज तिला इथे शिकवली, ही ताटली बडवून."

कॅप्टन हसला. "पन्सितमुळे कधी विमान पडतं का, सर?"

साहेब हसले नाहीत. ताटली हातात घेऊन ते तिच्यावरचे पोचे बघत राहिले. मग दलिसाय कुठल्या दवाखान्यात आहे, ते त्यांनी विचारलं.

"उद्यापासून येऊ नकोस," कॅप्टन दातओठ खात एर्लिंदाला म्हणाला.

"उद्यापासून ना? मग आजची फेरी मारून घेते."

ती एकटीच वर गेली. वारा पडलेला, विमान अगदी सरळ रेषेत खाली आलं. चाकं टेकणार तोच तिने पॉवर दिली आणि ती वर निघून गेली. कॅप्टनचा हात सवयीने चमच्याकडे गेला. ताटली साहेबांच्या हातात होती, आणि दुसरी कुणीही पुढे केली नाही. पुढच्या फेरीलाही ती तशीच वर गेली. मग सावकाश उतरली, आणि किल्ली खिळ्याला अडकवून निघाली.

संध्याकाळी ती पन्सितचा डबा घेऊन दवाखान्यात गेली.

"आज कोण वर गेलं, मॅम?"

"मी. दोनदा."

दलिसायला हसू फुटलं आणि टाके ताणले गेले. "आई गं!"

"शेवया बारीक कापून भरवा," नर्स म्हणाली. "तोंड उघडत नाही तिचं."

"पन्सित कापायचं नसतं, बाई," एर्लिंदा म्हणाली, आणि एकेक लांब शेवई उचलून ती पोरीला भरवत बसली.