स्वयंभू पानाचा चौरंग

मी एक जुना चौरंग आहे. चार पाय, वर एक फळी आणि जागोजागी उडालेला लाल रंग, एवढंच माझं रूप. पण मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देतो. मी फार भित्रा आहे. ज्याच्यावर प्रत्यक्ष देव बसतो त्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. लाकडाला सगळ्यात मोठी भीती असते ती आंघोळीचं पाणी तापवणाऱ्या बंबाची. त्याच्या नळीत ढलप्या टाकल्या की त्या कशा तडतडतात, हे मी नऊ वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं आहे. तो आवाज आठवला की अजूनही माझे पाय डगमगतात.

मी मूळचा इथला नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात परदेशातून एक यंत्र आलं. त्या यंत्राची पेटी म्हणजे मी. यंत्र बाहेर काढल्यावर त्याला हार घातला, त्याच्यापुढे नारळ फोडला, आणि मला मागच्या अंगणात भिरकावलं. आता सरपणात जाणार, अशी माझी खात्रीच झाली होती. पण पॅकिंग खात्यात खंडू गायकवाड नावाचे एक कामगार होते. ते परवानगी काढून माझ्या फळ्या सायकलवर बांधून घरी घेऊन गेले. हे साल १९६५.

सुट्टीच्या दिवशी खंडू रंधा घेऊन बसत. त्यांनी माझ्यातून चार बैठी मेजं केली, मुलांनी पुढ्यात घेऊन लिहावं अशी. काम संपल्यावर त्यांनी स्टोव्हवर एक खिळा लाल केला आणि चौघांच्याही खालच्या अंगाला एकेक पान डागलं. लांब शेंडीचं, पिंपळाचं. चटका बसला तेव्हा मी ओरडलोच असतो. शेजारच्या चिमाजींनी विचारलं, "खंडू, हे रं काय?"

"बोधिवृक्षाचं पान हाय," खंडू म्हणाले. "ह्याच्यावर पाटी ठिवून जो शिकंल, त्याचं भलं व्हवो."

माझी तीन भावंडं त्याच वस्तीतल्या पोरांकडे गेली. त्यांतलं एक खंडूंच्याच नऊ वर्षांच्या मुलीला मिळालं. मी चौथा. मला चिंचवडच्या एका दुकानदाराने नेलं, वरून लाल रंग फासला आणि चौरंग म्हणून विकलं. लिहिण्यासाठी जन्मलेला मी असा देवाचा झालो.

मला विकत घेतलं ते अध्यापिका विद्यालयाच्या वसतिगृहातल्या मुलींनी. पुढे शिक्षिका होणाऱ्या या मुलींनी गणपती बसवायचं ठरवलं आणि त्यासाठी एक भगिनी मंडळ काढलं. मंडळाची एक रीत पडली. हरतालिकेच्या दुपारी मला उलटं ठेवायचं. खालच्या पानाला हळदकुंकू वाहायचं. नव्या मुलीने पानावर उजवा हात ठेवून म्हणायचं, "गणरायाला साक्ष ठेवून आजपासून आम्ही बहिणी." मग पानाभोवती तिने आपलं नाव लिहायचं. दुसऱ्या दिवशी मला सुलटं करून माझ्यावर मूर्ती बसवायची.

आता त्या पानाची गंमत सांगतो. पहिल्या वर्षी मुली म्हणाल्या, "अगंबाई, पान आहे इथे!" दुसऱ्या वर्षी त्यांना प्रश्न पडला, कुणी बरं काढलं असेल? तिसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं, कुणी कशाला काढेल, आपोआपच उमटलं असेल. चौथ्या वर्षी ते स्वयंभू झालं! परीक्षा जवळ आली की मुली गुपचूप येऊन पानाला नमस्कार करू लागल्या. माझी केवढी बडदास्त! मला बोलता येत नव्हतं, हे खरं. पण बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो, हेही खरं. स्वयंभू चौरंग बंबात जात नाही, आणि पेटीचं लाकूड कधीही जाऊ शकतं.

मंडळात असणं ही काही नुसती हौस नव्हती. सरावाचे पाठ घ्यायला मोशीच्या शाळेत जायचं, तर बसथांब्यापासून पुढे शेतांतून बरंच चालावं लागे, आणि मंडळातल्या मुली घोळक्याने जात. आजारपणात पेज करून देणारी, वह्या उतरवून देणारी, सगळी मंडळातलीच. एका वर्षी एस्तेर नावाची ख्रिस्ती मुलगी आली. ती म्हणाली, "मी तुमची बहीण होते, पण शपथ माझ्या पुस्तकावर घेते." मुली हसल्या. तिला कुणी टाकून बोललं नाही. तिच्याशी कुणी बोललंच नाही. दिवाळीआधी ती ट्रंक उचलून निघून गेली. तिची पावलं माझ्यासमोरून गेली आणि मी मुकाट्याने देवाचं ओझं पेलत उभा राहिलो.

मग १९७४ साली सुमेधा आली.

खंडूंची मुलगी ती हीच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अठरा वर्षांची, बारीक आवाजाची. मंडळाची अध्यक्ष अरुंधती दुसऱ्या वर्षाला होती. तिने नाव विचारलं.

"सुमेधा गायकवाड."

"गायकवाड? म्हणजे बडोद्याच्या सरकारच की! या, या महाराणी!"

सगळ्या हसल्या. सुमेधाही हसली, पण तिच्या बोटांनी पदराचं टोक घट्ट पिळलं होतं. आमच्याकडे गायकवाड अनेक जातींत असतात, आणि बौद्धांतही. अरुंधतीने मनाशी एक ठरवून टाकलं आणि सुमेधाने ते खोडलं नाही. एवढ्याशा गप्प बसण्याची भीती पुढे दोन महिने तिच्या मागे लागली. तिची खोली चारुलताबरोबर होती. चारुलता बडबडी आणि मनाने सरळ. दोघींचं गूळपीठ जमलं, तशी सुमेधाची भीती वाढतच गेली.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मला पुसण्याचं काम या दोघींकडे आलं. सुमेधाने मला उलटं केलं, फडकं फिरवलं आणि तिचा हात थांबला. तिने बोटाने पानाची कडा चाचपली. त्याची शेंडी किंचित डावीकडे वळलेली आहे, कारण खंडूंचा हात तिथे नेहमी वळायचा. ती मटकन खाली बसली.

"काय गं, काय झालं?" चारुलताने विचारलं.

"काही नाही. कुसळ गेलं बोटात."

कुसळ गेलंच नव्हतं, मित्रांनो! तिने पान ओळखलं होतं. आणि तिचं बोट ज्या सवयीने त्या शेंडीवर थांबलं, त्यावरून मीही तिला ओळखलं. त्या क्षणापासून आम्ही दोघंही घाबरलो. तिला भीती, उद्या खोटी शपथ घ्यावी लागेल याची. वडिलांनी तिला लहानपणीच सांगितलं होतं, देवापुढे हात जोडायचे नाहीत आणि खोटं बोलायचं नाही. मला भीती, ती खरं बोलेल याची.

हरतालिकेची दुपार झाली. मुली गोल करून बसल्या. मला उलटं ठेवलं, पानावर हळदकुंकू पडलं. अरुंधती नव्या मुलींना म्हणाली, "हे पान कुणी काढलेलं नाही. ते आपणहून उमटलंय. इथे खोटं बोलायचं नाही."

एकेक मुलगी आली, बोलली, नाव लिहून गेली. सुमेधाची पाळी आली. तिने पानावर हात ठेवला. तो टेकताच माझे चारही पाय हवेत असूनही मला तोल गेल्यासारखं वाटलं. मी मनात म्हणत होतो, पोरी, बोल ती एक ओळ आणि सुटू दोघंही. खरंच सांगतो, मी तिला खोटं बोलायला विनवत होतो.

"बोल ना," अरुंधती म्हणाली.

"ताई, मला नाही म्हणता येणार." सुमेधाचा आवाज अगदी खोल गेला होता. "आम्ही बौद्ध आहोत. आणि हे पान माझ्या वडिलांनी काढलंय. तापवलेल्या खिळ्याने. अशाच पानाच्या मेजावर मी बाराखडी शिकले."

मग एकजण चुळबुळली, एकीने पुढे केलेला हात मागे घेतला. अरुंधतीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, हा राग आहे. पण ती बोलली तेव्हा कळलं, की तीही भ्यायली होती.

"खोटं आहे हे! मी या पानापुढे आईसाठी नवस बोललेय. तिचं ऑपरेशन झालंय. आणि तू म्हणतेस हे कुणीतरी खिळ्याने..." ती उठली आणि स्वयंपाकीण केसरबाईंना हाक मारून म्हणाली, "मावशी, हा चौरंग नको आम्हाला. बंबाला घ्या."

झालं. नऊ वर्षं ज्याला भीत होतो ते समोर आलं. केसरबाईंनी मला मागच्या अंगणात सरपणाच्या ढिगावर ठेवलं. पानावरचं कुंकू अजून ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. उजाडताच केसरबाई कुऱ्हाड घेऊन आल्या. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे कुठले! इतक्यात मागच्या दाराने सुमेधा बाहेर पडली. हातात ट्रंक. रडून रडून चेहरा सुजलेला. फाटकाकडे जाता जाता तिची नजर माझ्यावर पडली. ती वळली, मला ढिगावरून खाली घेतलं आणि चक्क माझ्यावर बसली.

"ऊठ गं पोरी," केसरबाई म्हणाल्या. "पानी तापवायचं हाय. पोरी बादल्या घिऊन यायच्या आत्ता."

"नाही मावशी. मला जायचंच आहे, पण हा जळताना बघून नाही जाणार. मला द्या हा."

"मला कुनी इचारलंय का?" केसरबाईंनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "ती एस्तेर बी अशीच ट्रंक घिऊन ह्याच दारानं गेली. मी भाकरी थापत हुते. जाऊ नगं म्हनावं वाटलं, पर म्हनले न्हाई. लई दिस घास गोड लागला न्हाई मला."

तेवढ्यात मुली बादल्या घेऊन आल्याच. सगळ्यांत पुढे अरुंधती. तिने कुऱ्हाड पाहिली, ट्रंक पाहिली, माझ्यावर बसलेली सुमेधा पाहिली. सुमेधा उठली नाही.

"तुझे वडील," अरुंधतीने हळूच विचारलं, "ते पान काढताना काही म्हणाले होते का?"

"म्हणायचे, यावर पाटी ठेवून जो शिकेल त्याचं भलं होवो."

"जो शिकेल त्याचं," अरुंधती पुटपुटली. मग तिने रिकामी बादली उचलली, हौदापाशी गेली आणि गार पाण्याने भरून घेतली.

"मावशी, आज मला गारच चालेल."

"मलाही," चारुलता म्हणाली आणि तिने सुमेधाच्या हातातली ट्रंक काढून घेतली. भाद्रपदातली ती गारठलेली सकाळ. एकेक बादली हौदात बुडत गेली. दोघी मात्र नाक मुरडून बिनआंघोळीच्या परत गेल्या. बंब त्या दिवशी पेटलाच नाही. गणपती अरुंधतीच्या ट्रंकेवर बसला.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. त्या दोघी वर्षभर सुमेधाच्या पंगतीला बसल्या नाहीत. पण सुमेधा राहिली. मी तिचं आणि चारुलताचं लिहायचं मेज झालो. चौथ्या भावंडालाही अखेर पाटी-पुस्तक मिळालं.

दिवाळीआधी अरुंधतीच्या नावे तार आली. तिची आई गेली होती. ती तार हातात घेऊन आमच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि मी पुन्हा गर्भगळीत झालो. आता ही म्हणणार, तुमच्यामुळे नवस वाया गेला. सुमेधाही भीतीने उठून उभी राहिली. पण अरुंधती आत येऊन खाली बसली, माझ्यावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. सुमेधा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिची ट्रंक उचलून बसथांब्यापर्यंत गेली तीही सुमेधाच.

पंधरा दिवसांनी अरुंधती परतली. तिने मला उलटं केलं आणि पेन्सिल सुमेधापुढे धरली. "शपथ नको. नुसतं नाव लिही."

सुमेधाने लिहिलं. मग अरुंधतीने पेन्सिल स्वतः घेतली. जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं, जिची हकिगत फक्त केसरबाईंच्या तोंडून ऐकली होती, तिचं नाव सुमेधाच्या नावाशेजारी सावकाश लिहिलं. एस्तेर.

आज १९८२ साली मी पुनावळ्याच्या शाळेत आहे. सुमेधाबाई इथे पहिलीला शिकवतात आणि त्यांची पोरं माझ्यावर पाट्या ठेवून बाराखडी गिरवतात. माझा एक पाय डुगडुगतो. मित्रांनो, त्याला एक पाचर मारा, मला पावसात ठेवू नका. भीती माझी अजून गेलेली नाही. पण कधी मला पुसायला घ्याल तेव्हा उलटंही करून पाहा. पानाभोवती पुष्कळ नावं आहेत. त्यांतल्या एका नावाची मालकीण परत कधीच आली नाही, तिला आपलं नाव इथे आहे हे ठाऊकही नाही. तुमच्या वर्गात कुणी हात पुढे करायला घाबरत असेल, तर तिने ट्रंक उचलण्याआधीच तिच्याजवळ जाऊन बसा.