द्वारकेचे डोहाळे

"जाऊबाई, समईभोवती हे रंगांचं कडं कसलं हो?" द्वारकेनं हातातली परात खाली ठेवली, उजव्या डोळ्यावर तळवा दाबला आणि चुलीपाशी मटकन बसली. मला काही कडंबिडं दिसत नव्हतं. तेवढ्यात ती उठून मोरीकडे धावली आणि भडभडून ओकली.

आवाज ऐकून सासूबाई देवघरातून आल्या आणि चक्क हसल्या. आमच्या सासूबाई हसल्या म्हणजे घरात सण समजायचा.

"या खेपेला ही बाहेर बसली नाही, माझ्या लक्षात आहे," त्या म्हणाल्या. "देवानं ऐकलं हो."

पाळीच्या दिवसांत बाईनं कोपऱ्यात बसायचं, त्यामुळे कुणाची चुकली हे गड्यामाणसांनाही कळायचं. द्वारका माझी धाकटी जाऊ. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मूल नाही. तिचा नवरा, आमचे अनंतभावजी, पेशव्यांच्या फडात कारकून. त्यांच्यासाठी सासूबाईंनी सासवडची मुलगी हेरून ठेवली होती. एवढा श्रावण वाट बघू, म्हणायच्या. दूध फाटतंय का बघावं, तशी त्यांची नजर तिच्यावर असायची.

सकाळी निम्म्या नारायण पेठेत साखर वाटून झाली. आणि जिच्या नावानं वाटली ती माजघरात भिंतीला डोकं टेकून कण्हत होती. डोळा लालबुंद. कपाळाला सुंठेचा लेप लावला, तोही घामाबरोबर ओघळून गेला.

"डोळ्यात रवी घालून कुणी घुसळतंय," ती म्हणाली. "कानशील, दात, सगळी ती बाजू ठणकतेय."

"हे डोहाळे नव्हेत, द्वारके. मला तीन झाली. डोळा नाही कधी दुखला."

"हळू बोला ना. सासूबाई ऐकतील."

मी कसली ऐकते! भावजींना सांगून वैद्यबुवांना बोलावणं धाडलं. रमण्यावर पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेसाठी ब्राह्मणांची गर्दी होती, तिच्यातून वाट काढत ते दुपारी पोचले. पापणी उचलून पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"हा अधिमंथ, डोळ्याचा जहाल रोग. जळवा लावतो, कडक रेच देतो. आजच्या आज. उद्यावर टाकलंत तर डोळा गेला म्हणून समजा." मग ते थांबले. "हिला दिवस तर गेले नाहीत ना? तसं असेल तर यातलं काही करता येणार नाही. गर्भ राहायचा नाही."

"गेलेत," सासूबाई म्हणाल्या.

"मी रोग्याला विचारतोय."

"अहो, अजून खात्री कुठे आहे?" मी मध्ये तोंड घातलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले.

अनंतभावजी उंबऱ्याकडे टक लावून बघत होते. काय पुरुष म्हणायचे! बायकोचा डोळा चाललाय आणि यांना उंबऱ्याचं नक्षीकाम दिसतंय.

द्वारकेनं पदर डोळ्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "गेलेत."

वैद्यबुवांनी दुधाच्या घड्या ठेवायला सांगितल्या आणि उठले. सासूबाईंनी हातावर ठेवलेली साखर त्यांनी तोंडात टाकली नाही, उपरण्याच्या टोकाला बांधली.

"का बोललीस असं?" मी तिला विचारलं. राग आला होता मला, खोटं कशाला सांगू?

"डोळे दोन आहेत, जाऊबाई. घर एकच आहे."

त्याच आठवड्यात तिला कावळा शिवला. डोळ्यावर पट्टी बांधून ती कोपऱ्यातल्या घोंगडीवर बसली. सासूबाईंनी पाण्याचं भांडं लांबूनच सरकवलं आणि म्हणाल्या, "खोटारडी." पहिल्यांदा 'गेलेत' कोण म्हणालं होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. विटाळाचे दिवस सरेपर्यंत तिला शिवायचं नाही, म्हणून वैद्यही नाही. न्हाऊन ती आत आली तेव्हा ठणका थांबला होता. तिचा चांगला डोळा झाकून त्या डोळ्यापुढे मी दिवा धरला, तर तिनं विचारलं, "दिवा आणताय ना?"

मार्गशीर्षात सवत आली. दहा-अकरा वर्षांची पोर, शालूत पार बुडालेली, दाराबाहेर उभी.

"एका डोळ्याची बाई पुढे नको, अपशकुन होतो," सासूबाई म्हणाल्या. "थोरले, तू ओवाळ."

मी ताटाला हात लावला नाही. आतून द्वारका आली आणि तिनं ताट उचललं.

"सवत माझी आहे," ती म्हणाली. "मीच ओवाळते."

तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, निरांजन फिरवलं, हात जराही हलला नाही. मग कुंकवात बोट बुडवून नवरीच्या कपाळाकडे नेलं. बोट अलीकडेच थांबलं. एका डोळ्याला अंतर कळत नाही. तिनं पुन्हा पुढे केलं, तरी बोट हवेतच.

पोरीनं एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग टाचा उंचावल्या, पुढे झुकली आणि आपलं कपाळ तिच्या बोटाला टेकवलं.