उंबराखालचे वाळे

पालेगावातल्या गोदूआत्याच्या विकलेल्या शेतात उद्या बिल्डरचा जेसीबी येणार होता. तिथेच उंबराजवळ तिनं गेलेल्या लेकीचे चांदीचे वाळे पुरले होते, पण नेमकी जागा आता आठवत नव्हती. म्हणून तिनं उल्हासनगरच्या भंगारातून जुना मेटल डिटेक्टर उचलून माझ्याकडे आणला. रेडिओ-मिक्सर उघडून उघडूनच मी दुरुस्ती शिकलेय.

खालच्या चकतीतली तुटलेली वायर मी डाग देऊन जोडली, नवे सेल घातले. टेबलावर यंत्र शहाण्यासारखं वागलं. शेतात मात्र पहिल्या पावलापासून बोंबलायला लागलं.

"अख्ख्या शेतात लोखंड पेरलंय का गं?" आत्या म्हणाली. "आण इकडं, तुला नाय जमायचं."

तिच्या हातात यंत्र गप्प झालं. मी जवळ गेले, तर पुन्हा बोंब. दोघींनी खाली बघितलं. दांडा आखूड, त्यामुळे चकती पायांशीच. नवरा गेल्यापासून आत्याची बोटं उघडी होती; माझ्या बोटांत लग्नातली जोडवी.

"काढ की."

"निघत नाहीत, आत्या. साबण झाला, तेल झालं. बोटंच फुगलीत त्यांच्याभोवती."

"मग लांब हो, सवाशिणी!"

ती एकटीच उंबराभोवती फिरली. दिवस कलताना यंत्र बारीक वाजलं. चकती तिथेच धरून आत्या एका हातानं माती उकरू लागली. मला धावत जाऊन तिला मदत करावीशी वाटली. पण वाळे हाती लागेपर्यंत मी बांधावरच उभी राहिले. जवळ गेले असते तर पुन्हा मीच वाजले असते.